ट्रूप मिळेल बाई, पण त्यात लेकरं कोणाची असतील?

प्रश्न: आमचं हायस्कूल धारूर तालुक्यात, डोंगरपट्ट्यात आहे. खासगी अनुदानित, आठवी ते दहावी. शेजारच्या गावातल्या शाळेत एनसीसी (राष्ट्रीय छात्र सेना) आहे, म्हणून आमच्या संस्थाचालकांनीही ती आणायचं मनावर घेतलंय. पालकांना वाटतं, एनसीसी केली की पोरगं मिल्ट्रीत लागलं. शिक्षक म्हणतात, स्काउट आणि आरएसपी (रस्ता सुरक्षा दल) आहे तेवढं पुरे. दिवाळी झाली की आमची बरीच मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. अशा शाळेनं या भानगडीत पडावं का? पडायचं तर सुरुवात कुठून करावी?
– एक मुख्याध्यापिका, जि. बीड

उत्तर: पडावं, बाई. मी अंबाजोगाईकडच्या एका हायस्कुलात बरीच वर्षं एनसीसीचा ट्रूप, म्हणजे शाळेतली छात्रांची तुकडी, सांभाळला. तुमच्यासारख्या शाळेनंच हे करावं असं माझं ठाम मत आहे.

कागदपत्रांचं आधी सांगतो. संस्थेचा ठराव करून घ्या आणि तुमच्या भागाच्या बटालियनकडे अर्ज द्या. तुमचा तालुका कोणत्या बटालियनकडे येतो, हे शेजारच्या शाळेतले एनसीसीचे सर एका मिनिटात सांगतील. अर्ज तिथून ग्रुप मुख्यालयाकडे आणि पुढं संचालनालयाकडे जातो. युनिटचे लोक येऊन मैदान बघतात, सामान ठेवायला कुलूपबंद खोली आहे का ते बघतात. मैदानातले दगड वेचून, बाभळीचे काटे काढून ठेवा. त्याला पैसे लागत नाहीत. जागा मोजक्या आणि शाळा फार, त्यामुळे थांबावं लागतं. 2024 मध्ये केंद्रानं देशभरात 3 लाख जागा वाढवायला मंजुरी दिली, तरी रांग आहेच. रांग टाळायची तर स्वयंअर्थसहाय्य योजना आहे, पण तीत प्रशिक्षणाचा खर्च संस्थेवर येतो. तो खर्च पालकांकडून वसूल करणार असाल तर माझा विरोध आहे. ऊसतोड्याच्या घरात मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटायची असते, तिथं बुटाचे पैसे कुठून यायचे? संस्थेकडून लेखी घ्या की खर्च संस्थाच करील. नसेल देत, तर रांगेत थांबा.

आता शिक्षकाचं. ट्रूप चालतो तो शाळेतल्या एका शिक्षकाच्या जिवावर. त्याला एएनओ, म्हणजे असोसिएट एनसीसी ऑफिसर म्हणतात. पुरुषांचं प्रशिक्षण नागपूरजवळ कामठीला होतं, महिलांचं ग्वाल्हेरला. घरदार सोडून काही आठवडे तिथं राहावं लागतं, म्हणून स्वतःहून तयार असलेलाच माणूस द्या. सगळ्यात नवा आहे म्हणून कुणाच्या गळ्यात हे काम घालू नका. अंगानं पैलवानच हवा असंही नाही. आवाज खणखणीत, हिशेब चोख आणि लेकरांवर जीव असलेला, एवढं बघा. मुली घेणार असाल, आणि घ्याच, तर एखाद्या बाईंना पुढं करा.

आता तुमचा खरा प्रश्न, ऊसतोडीचा. शाळेत मिळणाऱ्या एनसीसीच्या ‘ए’ प्रमाणपत्राची परीक्षा दुसऱ्या वर्षी असते आणि तिला बसायला 75 टक्के हजेरी लागते, एक वार्षिक कॅम्पही करावा लागतो. कोयता घेऊन घर कारखान्याकडे निघालं की पोरगं चार-पाच महिने गेलं. त्यामुळे बऱ्याच शाळा निवडीच्या वेळीच अशी नावं बाजूला काढतात. ‘हे टिकायचं नाही’ म्हणतात. मग ट्रूपमध्ये उरतात ती गावातल्या दुकानदारांची, नोकरदारांची मुलं. त्यांचीही लेकरं यावीत, माझी ना नाही. पण ज्याला ‘तू इथं हवास’ असं शाळेत कधी कुणी म्हटलेलंच नाही, त्याला खांद्यावर पट्टी लागली की काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. आमच्या ट्रूपमधल्या एका मुलीचे आईवडील दर हंगामाला कोल्हापूरकडं जायचे. ही आजीजवळ राहिली ती परेडसाठी. 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला, तिनं कमांड दिली तेव्हा गावचे सरपंच विचारायला लागले, ही कुणाची? त्या वर्षी तिच्या वस्तीवरच्या आणखी दोघी शाळेत थांबल्या.

म्हणून असं करा. जूनमध्ये शाळा उघडली की लगेच भरतीची तयारी ठेवा आणि परेडचे जास्तीत जास्त तास दिवाळीच्या आत उरका. बटालियनच्या सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांना भेटून सांगा की आमच्या मुलांना दिवाळीआधीचा कॅम्प द्या. मी मागितला, मला मिळाला. हंगामात मागं राहणाऱ्या मुलांसाठी ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या संत भगवानबाबा वसतिगृहात जागा आहे का, किंवा हंगामी वसतिगृह सुरू होईल का, याचा पाठपुरावा जुलैपासूनच करा. लेकरू गावात राहिलं तरच हजेरी भरेल. आणि परेड एसटीच्या वेळेशी जुळवा. शेवटची गाडी चुकली की वस्तीवरच्या मुलीला दुसऱ्या दिवशी घरचे पाठवत नाहीत.

उपाशी पोटी परेड नको. परेडच्या दिवशी मिळणारा अल्पोपाहार लेकरांच्या हातात पडतो का, हे तुम्ही स्वतः उभं राहून बघा. चुकलं म्हणून उन्हात पळवणं, कोंबडा करणं हे ट्रूपमध्येही चालणार नाही. शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत शारीरिक शिक्षेला बंदी आहे आणि खाकी घातली म्हणून लेकराचा तो हक्क जात नाही.

पालकांना खरं सांगा. ‘ए’ प्रमाणपत्रानं नोकरी लागत नाही. भरतीत काही जादा गुण मिळतात. खरं वजन ‘सी’ प्रमाणपत्राला आहे, ते कॉलेजात मिळतं. ‘सी’ असलेल्या पदवीधराला सैन्यात अधिकारी होण्यासाठी लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबी, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या मुलाखतीची वाट खुली आहे. स्काउट आणि आरएसपी मात्र बंद करू नका. ट्रूपच्या जागा मर्यादित असतात, बाकीच्यांनी काय करायचं?

प्रश्न: माझी मुलगी आठवीत आहे, एनसीसीचा हट्ट धरलाय. हे म्हणतात, उद्या जबरदस्तीनं सैन्यात नेतील, आणि पोरीला दहा दिवस कॅम्पला कसं पाठवायचं?
– एक आई, ता. जिंतूर

उत्तर: ताई, 1948 च्या एनसीसी कायद्यातच स्पष्ट आहे की छात्रांवर सैन्यात जाण्याचं बंधन नाही. जायचं असेल तर दार मात्र उघडं आहे. सैन्यातले अधिकारी घडवणाऱ्या एनडीएतून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) मुलींची पहिली तुकडी 2025 मध्ये बाहेर पडली. कॅम्पमध्ये मुलींची राहण्याची सोय वेगळी असते आणि बरोबर महिला अधिकारी असतात. घरच्यांना घेऊन शाळेत जा आणि सोबत कोण बाई जाणार, त्यांचा फोन नंबर काय, हे विचारून घ्या. असं विचारणं तुमचा हक्क आहे. जायच्या आधी सरकारी दवाखान्यात तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. गणवेशाचे पैसे आता छात्राच्या बँक खात्यात येतात, तेव्हा तिच्या नावाचं खातं आत्ताच उघडा. आणि आधारवरची जन्मतारीख शाळेच्या रजिस्टरशी जुळते का, हे खातं काढायच्या आधी बघा.