शर्मिष्ठा आणि देवयानी ग्रीक कथेत मायलेकी आहेत का?

हो, मायलेकीच. तारकासमूहांच्या पुस्तकात हे वाचून तुम्ही चक्रावलात, त्यात नवल नाही. आकृत्या ग्रीकांच्या आणि मराठी नावं महाभारतातली, अशी ही मोट बांधली आहे. महाभारतात शर्मिष्ठा असुरांचा राजा वृषपर्व्याची मुलगी, देवयानी शुक्राचार्यांची. आधी मैत्रिणी, मग ययातीपायी सवती. आकाशात मात्र वृषपर्वा म्हणजे सेफिअस, आणि तो शर्मिष्ठेचा बाप नाही, नवरा! शर्मिष्ठा ही कॅसिओपिया आणि त्यांची लेक अँड्रोमेडा ही देवयानी. आपल्या पुराणातली नाती धरून चाललात की फसलात.

सेफिअस इथिओपियाचा राजा. राणीला रूपाचा भारी तोरा. समुद्रातल्या नेरीइड अप्सरांपेक्षा मी देखणी, असं ती बोलून गेली. (काही जण सांगतात, स्वतःबद्दल नाही, लेकीबद्दल.) गाऱ्हाणं समुद्रदेव पोसायडनकडे गेलं आणि त्यानं किनाऱ्यावर एक जलराक्षस सोडला, तोच आपला तिमिंगल. आमोन देवाला कौल लावला, तर उत्तर आलं: मुलगी त्या राक्षसाला द्या. तोंड सुटलं आईचं, साखळदंड पडले पोरीला. केसांच्या जागी साप असलेल्या मेडूसा राक्षसीचं मुंडकं घेऊन परतणाऱ्या वीर पर्सिअसनं तिला खडकाला बांधलेली पाहिली. त्यानं आधी आईबापांकडून लग्नाचं वचन घेतलं, मग राक्षस मारला. असा हिशेबी नायक मला तरी आवडतो. हा पर्सिअस म्हणजे आपला ययाती, आणि इथे मात्र नाव चपखल बसलंय, कारण ययातीनंही देवयानीला हात धरून विहिरीतून बाहेर काढलं होतं.

राणीला शिक्षा अशी की खुर्चीत बसून ध्रुवाभोवती फिरायचं, अर्धा वेळ डोकं खाली. आज अथेन्सहून पाहिलं तर शर्मिष्ठेचे पाच ठळक तारे मावळतच नाहीत, त्यामुळे ती फजिती पुरती दिसते. आपल्याकडे ध्रुव जेमतेम १८-१९ अंशांवर, त्यामुळे ती उलटी होईपर्यंत क्षितिजाखाली गेलेली असते.

नोव्हेंबरअखेर रात्री आठला उत्तरेकडे तोंड करा. समोर इंग्रजी एमसारखी शर्मिष्ठा, जवळपास डोक्यावर महाश्वाचा मोठा चौकोन. हा महाश्व म्हणजे मेडूसाच्या रक्तातून जन्मलेला पेगॅसस. चौकोनाचा एक कोपरा मात्र त्याचा नाही, देवयानीचा आहे. उत्तरा भाद्रपदा नक्षत्रातला तो एक तारा.

ईशान्येला ययाती, त्याच्या हातात मेडूसाचं मुंडकं आणि तिथेच अल्गोल हा तारा. अरबी नावाचा अर्थ राक्षसाचं डोकं. हे डोकं खरंच डोळा मिचकावतं. जोडीचा अंधुक तारा पुढे आला की दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी अल्गोल मंदावतो. हे कारण इंग्रज खगोल-अभ्यासक जॉन गुडरिकनं १७८३ मध्ये सुचवलं. एका डिसेंबरात मी गावच्या गच्चीवर शाल गुंडाळून हे पाहत बसलो होतो. आठला तो देवयानीच्या पायाशी असलेल्या ताऱ्याइतका तेजस्वी होता. साडेबाराला शेजारच्या फिकट ताऱ्यातून ओळखू येईना. हिशेबानं पुढची पाळी तीन रात्रींनी सव्वानऊची होती. तेव्हा नेमके ढग आले.