बारावीनंतर लॅबचं शिक्षण: एका वर्षाचा डीएमएलटी घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी बायोलॉजी घेऊन बारावी पास झाली, नीटला मार्क कमी पडले. तालुक्याच्या गावातली एक संस्था 'एका वर्षात डीएमएलटी, नोकरीची हमी' म्हणून फी भरायची घाई करतेय. डीएमएलटी म्हणजे लॅबच्या तपासण्यांचा डिप्लोमा. घ्यावा का? आणि पुढंमागं तिला स्वतःची लॅब टाकता येईल का?

मी कोल्हापुरात बरीच वर्षं लॅबमध्येच काम करतो, त्यामुळं सरळ सांगतो. बारावीनंतरचा एका वर्षाचा कोर्स घेऊ नका. घरची परिस्थिती असेल तर डिग्रीला घाला, नसेल तर दोन वर्षांचा डिप्लोमा करू दे. पण दोन्हींपैकी काहीही केलं तरी ते चालत्या मोठ्या हॉस्पिटलला जोडलेल्या ठिकाणीच.

आधी कायद्याचं बघू. केंद्र सरकारच्या 2021 च्या कायद्यात लॅबचे लोक आता रीतसर आरोग्य व्यावसायिकांत मोडतात. त्यातल्या खालच्या पायरीसाठीसुद्धा किमान 2,000 तासांचं आणि किमान दोन वर्षांचं शिक्षण लागतं. वरच्या पायरीला 3,600 तास आणि किमान तीन वर्षं. मग वर्षभराचं सर्टिफिकेट पुढं कुणी विचारणार आहे का? 'हमी' देणाऱ्या साहेबांना एकच गोष्ट विचारा: या कोर्सवर महाराष्ट्र पॅरामेडिकल कौन्सिलची नोंदणी मिळते, असं संस्थेच्या लेटरहेडवर लिहून द्याल का? बहुतेक ठिकाणी तिथंच चहा थंड होतो. घरबसल्या डीएमएलटी देणाऱ्यांना तर दारात उभं करू नका.

डिग्रीचा आग्रह का, तर रेल्वेची भरती बघा. बारावी आणि डीएमएलटीवर लॅब असिस्टंट होता येतं. सातव्या वेतन आयोगात त्याचं मूळ वेतन 21,700. विज्ञानाची पदवी आणि वर डीएमएलटी असेल तर लॅब सुपरिंटेंडेंट, मूळ वेतन 35,400. बेंच तीच, मायक्रोस्कोप तोच. राज्याच्या आरोग्य खात्यात प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी हे पद आहे, तिथंही पदवीवाल्याचंच चालतं. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी, हा तीन वर्षांचा आणि वर एक वर्ष इंटर्नशिपचा कोर्स आहे. इतर विद्यापीठांत बी.एस्सी. एमएलटी, बीएमएलटी अशी नावं दिसतील. नावावर जाऊ नका, तास आणि हॉस्पिटल विचारा.

कोल्हापूरकरांची सोय अशी की शहरात दोन मेडिकल कॉलेजं आहेत. एक सीपीआरला, म्हणजे आपल्या थोरल्या दवाखान्याला जोडलेलं राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, आणि दुसरं कदमवाडीचं डी. वाय. पाटील. दोन्हीकडं स्वतः जाऊन यंदाचे पॅरामेडिकल कोर्स, जागा, फी आणि प्रवेशाचे नियम विचारून या. फोनवर निम्मंच कळतं.

हॉस्पिटलचा एवढा हट्ट का धरतोय ते आता सांगतो, कारण हे जाहिरातीत नसतं. पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की लॅबच्या दारात एकच प्रश्न असतो, "पेशी किती झाल्या?" समजा मशीननं प्लेटलेट 38 हजार दाखवल्या. एका वर्षात मशीनचं बटन शिकलेला पोरगा तो आकडा छापून मोकळा होतो, आणि घरचे पेशंटला घेऊन सीपीआरकडं सुटतात. नीट शिकलेली मुलगी आधी जांभळ्या टोपणाचा ईडीटीए बल्ब, म्हणजे रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए नावाचं औषध घातलेली नळी, हातात घेऊन तिरका करते, आत गुठळी झालीय का बघते. मग स्मिअर, म्हणजे काचेवर रक्ताचा पातळ थर, काढते, वाळवून लिश्मन नावाच्या रंगानं रंगवते आणि मायक्रोस्कोपच्या ऑइल लेन्सखाली स्लाइडच्या शेपटीकडं, म्हणजे थराच्या पातळ टोकाकडं जाते. काही माणसांच्या प्लेटलेट ईडीटीएमध्ये एकमेकींना चिकटून गठ्ठे करतात, आणि ते शेपटीकडंच जास्त सापडतात. मशीनला हे गठ्ठे प्लेटलेट म्हणून मोजताच येत नाहीत. पेशंटच्या अंगात पेशी असतात, बल्बमध्ये हरवतात! मग निळ्या टोपणाच्या सायट्रेट बल्बमध्ये पुन्हा रक्त घ्यायचं आणि आलेला आकडा 1.1 नं गुणायचा, कारण त्या बल्बमध्ये नऊ भाग रक्ताला एक भाग औषध असतं. गठ्ठे दिसले नाहीत तर मात्र कमी आकडा खरा धरायचा आणि लगेच डॉक्टरांना फोन लावायचा.

तसंच पोटॅशियमचं. रिपोर्टमध्ये पोटॅशियम भलतंच वाढलेलं, कॅल्शियम भलतंच खाली, आणि पेशंट बाकावर बसून निवांत पेपर वाचतोय. अशा वेळी कुणीतरी जांभळ्या बल्बमधलं रक्त लाल टोपणाच्या, म्हणजे ईडीटीए नसलेल्या बल्बमध्ये ओतलंय, हे डोक्यात आलं पाहिजे. ईडीटीएच्या मिठात पोटॅशियम असतं आणि ईडीटीए कॅल्शियम धरून ठेवतं. हे पुस्तकात दोन ओळींत आहे. पण रांगेत पन्नास बल्ब असताना आठवायला रोजची सवय लागते. सीपीआरसारख्या ठिकाणी राधानगरी, गगनबावड्याकडून सर्पदंशाचे पेशंट येतात. साध्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेऊन, न हलवता वीस मिनिटं ठेवून ते गोठतंय का बघायचं, ही टेस्ट अजून तिथंच शिकायला मिळते. नुसत्या कलेक्शन सेंटरमध्ये सुई मारायला आणि बारकोड चिकटवायला येईल, त्यापलीकडं काही नाही.

आता स्वतःची लॅब. इथं बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2017 मध्ये स्पष्ट केलंय की लॅबच्या रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. म्हणजे जागा, मशीन, माणसं तिची असू शकतात, पण सही करणारा पॅथॉलॉजिस्ट सोबत लागणार, आणि तो खरोखर येऊन रिपोर्ट बघणारा हवा. महिन्याला पैसे घेऊन कोऱ्या लेटरहेडवर सह्या देणारेही भेटतात. त्या वाटेला तिला जाऊ देऊ नका. पुढं एम.एस्सी. केली तरी ही अट सुटत नाही.

पण लॅब टाकणं हीच एक वाट थोडीच आहे? ब्लड बँकेत टेक्निशियन व्हायला डिप्लोमावाल्याला रक्ततपासणीचा एक वर्षाचा अनुभव लागतो, डिग्रीवाल्याला सहाच महिने. एनएबीएल, म्हणजे लॅबच्या दर्जाची राष्ट्रीय मान्यता, घेतलेल्या लॅबमध्ये क्वालिटीचं काम बघणारी माणसं लागतात, आणि हे काम कागदपत्रांची आवड असलेल्या मुलींना छान जमतं. मशीन कंपन्यांकडं ॲप्लिकेशनच्या, म्हणजे लॅबवाल्यांना मशीन शिकवायच्या नोकऱ्या असतात. फिरायची तयारी आणि थोडं इंग्रजी हवं. आखातात जायचं तर अनुभव, कागदपत्रांची पडताळणी आणि तिथली परवाना परीक्षा, हे सगळं लागतं. एएससीपी या अमेरिकन पॅथॉलॉजी संस्थेची आंतरराष्ट्रीय परीक्षा दिलेली असेल तर बाहेर वजन पडतं. खाजगीत सुरुवातीचा पगार मात्र कमी असतो, आणि रात्रपाळी चुकत नाही. हे तिला आधीच सांगून ठेवा.

प्रवेश झाला की पहिल्याच महिन्यात हिपॅटायटिस बीच्या लसीला सुरुवात करा. शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस असतात, म्हणजे वॉर्डात रक्त घ्यायला लागेपर्यंत कोर्स पुरा व्हायला हवा. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे लसीची प्रतिकारशक्ती रक्तात किती तयार झाली ते, तपासून घ्या. दहाच्या वर आला पाहिजे. कॉलेजनं करून दिलं तर उत्तम, नाहीतर स्वतःच्या खर्चानं करा, पण टाळू नका.