वाचकांचे प्रश्न : पोरगा एकाच पुस्तकावर अडलाय

प्रश्न : मुलगा चौथीत आहे. फास्टर फेणे सोडून दुसरं काही हातातच धरत नाही. ऑनलाइन चांगले स्टार बघून बरीच पुस्तकं मागवली, ती तशीच पडून आहेत. त्याच्यासाठी पुस्तक निवडू कसं? – एक आई, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : ताई, आधी म्हणजे त्याला फेणे वाचू द्या, तेच तेच वाचून राहिला तरी वाचू द्या. फक्त त्यात त्याला नेमकं काय आवडून राहिलं तेवढं बघा, सायकल, धाडस, की चोर पकडणं. धाडस असेल तर त्याच लेखकाचा माग धरा, भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्याही मराठीत आणल्यात, तिथून पोरं विज्ञानकथेकडे वळतात आणि मग जयंत नारळीकर आहेतच. प्राणी-पक्ष्यांचं वेड असेल तर मारुती चितमपल्ली. नवेगावबांधच्या जंगलात वनाधिकारी म्हणून राहिलेला माणूस, पुस्तकं मोठ्यांची आहेत पण एकेक प्रसंग तुम्ही वाचून दाखवा, आणि सुट्टीत नवेगावबांधचं तळंच दाखवून आणा ना, नागपूरहून काही फार लांब नाही.

स्टारचं म्हणाल तर ते मोठ्यांनी दिलेले असतात, त्यातले कितीतरी पार्सल वेळेत आलं आणि कागद गुळगुळीत आहे म्हणून. त्यापेक्षा सीताबर्डीच्या बाजारात, दुकानात उभं राहून मधलं एक पान हळू आवाजात वाचून बघा. 'त्याने आपल्या आईला एक मोठी मिठी दिली' असं इंग्रजीतून शब्दशः उचललेलं वाक्य आलं की जीभ अडखळते, कारण आपल्याकडे मिठी देत नाहीत, मारतात. अशी तीन-चार वाक्यं एका पानावर भेटली तर ठेवून द्या परत, पोरं अडखळली की पुस्तक मिटतात आणि आपण म्हणतो याला वाचनाची आवडच नाही!

धाकटं भावंड असेल तर चित्रं नीट बघा. माधुरी पुरंदरे लिहितात पण स्वतः आणि चित्रंही स्वतःच काढतात, त्यामुळे मजकुरात नसलेल्या कितीतरी गोष्टी चित्रात सापडतात, पोरं बोट ठेवून ठेवून दाखवतात.

आणि विकत घ्यायच्या आधी फुकटचं वापरा. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, जुने अंक नेटवर आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी लेव्हलप्रमाणे लावलेल्या मिळतात, चारपर्यंत लेव्हल आहेत. मोबाइल त्याच्या हातात द्या आणि तो काय उघडतो ते बघा.

प्रश्न : मी वाचलेल्या कादंबऱ्यांवर लिहितो, पण सगळं 'अप्रतिम, जरूर वाचा' असंच होतं. काय करू? – बी.ए.चा विद्यार्थी, महाल

उत्तर : विशेषणं काढून टाक आणि एक जागा दाखव. उद्धव शेळक्यांची 'धग' घे, १९६० ची. 'गरिबीचं हृदयस्पर्शी चित्रण' म्हटलं तर ते शंभर कादंबऱ्यांना लागू पडतं. त्यापेक्षा त्यातली नायिका कौतिक बोलते ती वऱ्हाडी लिही, तिचा एखादा संवाद जसाच्या तसा दे, आणि तो वाचताना तू कुठं थांबलास ते सांग. नाही आवडलं तेही लिही, कोणत्या पानापासून कंटाळा आला हे सांगितलंस तर वाचणाऱ्याला फार उपयोग होतो. कोणी वाचावं, कोणाला झेपणार नाही, हे एका ओळीत. शेवट मात्र फोडू नको बाबा.