'आभासी फोटॉन' खोटे असतात का?

प्रश्न असा आहे: 'इलेक्ट्रॉन एकमेकांना आभासी फोटॉन देतात, म्हणून त्यांच्यात प्रतिकर्षण होते' असे वाचनात आले. आभासी म्हणजे नसलेले. मग नसलेल्या कणांनी खरे बल कसे निर्माण होते?

गोंधळाचे मूळ 'आभास' या शब्दात आहे. हेत्वाभास, विरोधाभास या शब्दांत 'दिसते तसे, पण नाही' असाच अर्थ आहे. पण भौतिकशास्त्रात हा शब्द 'आभासी प्रतिमे'तून आधीच रुळलेला आहे. आरशामागच्या प्रतिमेपाशी किरण प्रत्यक्ष पोहोचत नाहीत, तरी डोळ्यावरचा परिणाम ते तिथूनच निघाल्यासारखा होतो. रूप नाही, पण परिणाम खरा, हाच अर्थ इथे घ्यावा.

खऱ्या फोटॉनची, म्हणजे प्रकाशाच्या कणाची, ऊर्जा म्हणजे त्याचा संवेग गुणिले प्रकाशाचा वेग. आभासी फोटॉन हा नियम पाळत नाही. दोन स्थिर प्रभारांमधला आभासी फोटॉन तर संवेग पोहोचवतो आणि ऊर्जा शून्य पोहोचवतो, जे खऱ्या फोटॉनला कधीच शक्य नाही. म्हणून तो कोणत्याही उपकरणात पकडता येत नाही. भौतिकशास्त्रज्ञ फाइनमनने 1949 साली मांडलेल्या, कणांच्या परस्परक्रिया दाखवणाऱ्या आकृत्यांत बाहेर जाणाऱ्या रेषा खऱ्या कणांच्या असतात आणि दोन्ही टोकांना जोडलेली आतली रेषा आभासी कणाची. ती रेषा गणितातले एक पद आहे. त्या पदामागे जे खरोखर आहे ते विद्युतचुंबकीय क्षेत्र. प्रत्येक इलेक्ट्रॉन या क्षेत्रात बदल घडवतो. दोघे जवळ आले की क्षेत्राची एकूण ऊर्जा वाढते आणि ती कमी होण्याच्या दिशेने, म्हणजे एकमेकांपासून दूर, ते ढकलले जातात. फोटॉनला वस्तुमान नसल्यामुळे ही ऊर्जा अंतराच्या व्यस्त प्रमाणात येते, आणि त्यातूनच 1785 चा कूलोमचा व्यस्त वर्गाचा नियम मिळतो.

दोन होड्यांतली माणसे एकमेकांकडे चेंडू फेकतात आणि होड्या मागे सरकतात, हे चित्र लोकप्रिय आहे. मला ते मुळीच पटत नाही. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धन प्रभाराचा प्रतिकण) यांच्यातही हेच फोटॉन असतात, तिथे मात्र आकर्षण होते. चेंडू फेकून कोणी जवळ ओढले जात नाही. बलाची दिशा दोन गोष्टींवर ठरते: प्रभारांच्या चिन्हांचा गुणाकार आणि मधल्या कणाचा स्पिन, म्हणजे त्याचा अंगभूत कोनीय संवेग. फोटॉनचा स्पिन 1 आहे, म्हणून सजातीय प्रभार दूर ढकलले जातात. जपानी भौतिकशास्त्रज्ञ युकावाने 1935 साली अणुकेंद्रातील बलासाठी कल्पिलेल्या कणासारखा स्पिन 0 चा कण मध्ये असेल, तर सारख्यांमध्ये आकर्षण होते. गुरुत्वाकर्षणासाठी मानलेल्या ग्रॅव्हिटॉनचा स्पिन 2, तिथेही आकर्षणच. इलेक्ट्रॉनांचे प्रतिकर्षण समजून घ्यायचे तर खरी गंमत या स्पिनमध्ये आहे, आणि लोकप्रिय लेखांत नेमकी तीच गाळली जाते.

तेव्हा 'आभासी फोटॉन' ही संज्ञा खुशाल वापरावी, ती रुळलेली आहे. 'फेकतात', 'आदळतात' ही क्रियापदे मात्र टाळावीत. 'आभासी फोटॉनद्वारे संवेगाची देवाणघेवाण होते' असे लिहिले की अर्थ बिनचूक पोहोचतो.