वाचकांचे प्रश्न : मुलीला परिचारिका व्हायचे आहे

प्रश्न : माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे. दिवाळीनंतर माझ्या सासूबाईंच्या खुब्याचे ऑपरेशन झाले आणि त्या तीन आठवडे रुग्णालयात होत्या. रात्री मुलगी त्यांच्यापाशी थांबत असे आणि सिस्टरांनी सांगितल्याप्रमाणे आजीने पाणी किती घेतले, लघवी किती झाली, हे वहीत टिपून ठेवत असे. आता तिने नर्सिंगलाच जायचे ठरवले आहे. घरातील मंडळी म्हणतात, हे आजीच्या मायेपोटी आलेले वेड आहे, वर्षभरात उतरेल. ही ओढ टिकणारी आहे की नाही, हे कसे ओळखावे?
– एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : आपण वहीचा उल्लेख ओघात केला आहे, परंतु मला आपल्या पत्रात तोच सर्वांत महत्त्वाचा वाटला. आजीवर माया कोणत्याही नातीची असते. पण मध्यरात्री झोप मोडून पाण्याचा आणि लघवीचा हिशेब न कंटाळता ठेवावासा वाटणे, ही परिचर्येची खरी सुरुवात आहे. फ्लॉरेन्स नायटिंगेल यांनी १८५९ मध्ये परिचर्येवर लिहिलेल्या पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणाला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या टाचेवर किंवा माकडहाडापाशी उमटलेला लालसर डाग वेळीच दिसला आणि त्याची कूस दर दोन तासांनी बदलली, तर पुढची जखम टळते, आणि तो डाग बहुतेक वेळा डॉक्टरांच्या आधी परिचारिकेलाच दिसतो.

मायेपोटी आलेल्या इच्छेचा मला बाऊ वाटत नाही. मी स्वतः सरकारी प्रशिक्षण केंद्रात दाखल झाले ती विद्यावेतन आणि वसतिगृह मिळत होते म्हणून. वडिलांवर धाकट्या भावंडांचा भार होता. ओढ लागली ती दुसऱ्या वर्षी, बालरुग्ण कक्षात. जुलाबांनी सुकून गेलेल्या एका मुलाला मी रात्रभर चमच्याचमच्याने मीठ-साखरेचे पाणी पाजत होते. रडताना त्याच्या डोळ्यांत पाणीच येत नव्हते. पहाटे तो पुन्हा रडला तेव्हा गालावर अश्रू ओघळले, आणि वॉर्डच्या सिस्टरांनी ते मला बोट दाखवून दाखवले. या कामात येण्याचे कारण आणि टिकून राहण्याचे कारण एकच असावे लागत नाही, हे मी माझ्या अनेक मैत्रिणींच्या बाबतीतही पाहिले आहे.

मुंबईच्या कामा रुग्णालयातील परिचारिका अंजली कुलथे यांनी २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, दहशतवादी इमारतीत शिरलेले असताना, वीस गरोदर स्त्रियांना सुरक्षित खोलीत हलवले आणि कळा सुरू झालेल्या एकीला प्रसूतिकक्षात पोहोचवले. इतके धैर्य आपल्यात आहे का, हे अर्ज भरताना कोणालाच ठाऊक नसते. वर्षानुवर्षे 'माझ्या वॉर्डातले रुग्ण' असे म्हणत राहिल्याने ते अंगी येते, अशी माझी समजूत आहे.

घरच्यांची काळजी मात्र अगदीच निराधार नाही. रात्रपाळ्या, सणासुदीची ड्युटी, पाठदुखी, एका परिचारिकेवर सोपवलेले नको तितके रुग्ण आणि नातेवाइकांचा राग हे सारे तिच्या वाट्याला येईल. ते तिला आताच स्पष्ट सांगावे. विज्ञान शाखेत जीवशास्त्र घेतले असेल, तर चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी आणि तीन वर्षांची जी.एन.एम. ही परिचर्या व प्रसूतिसेवेची पदविका असे दोन्ही मार्ग तिला खुले आहेत. महाविद्यालय निवडताना त्याची मान्यता आणि संलग्न रुग्णालयातील खाटांची संख्या अवश्य पाहावी, कारण हे काम रुग्णांपाशी उभे राहूनच शिकता येते.

प्रवेशाआधी आजीच्या वॉर्डातील त्या सिस्टरांना मुलीने एकदा भेटावे. वॉर्डातला सर्वांत वाईट दिवस कोणता होता, असे त्यांना विचारावे आणि आपण तेव्हा मध्ये न बोलता शेजारी बसावे. घरी परतताना मुलगी आणखी काय काय विचारते, त्यावरून आपल्याला आपल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या पत्रापेक्षा अधिक नेमके मिळेल.