वाचकांचे प्रश्न : एकच निर्माता की एकच पूर्वज?

प्रश्न : माझा एक मित्र उत्क्रांती मानत नाही. माणूस आणि चिंपांझी यांच्यातली साम्ये दाखवली की म्हणतो, ‘निर्माता एकच, म्हणून घडणही सारखी.’ त्याला काय उत्तर द्यावे?

उत्तर : हात, डोळा, हृदय अशा उपयोगी अवयवांच्या साम्यावर भर द्याल तर वाद सुटणार नाही. उपयोगाची रचना पुन्हा वापरली, असे तो म्हणेल आणि तेवढ्यापुरते ते खोडता येत नाही. म्हणून बोलणे सरळ बिघाडांवर न्या.

बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात बनवतात. त्याची शेवटची पायरी ‘गुलो’ या जनुकावर अवलंबून असते. आपल्यातही ते जनुक आहे, पण मोडके. त्याचे बरेच तुकडे गळाले आहेत, म्हणून हे जीवनसत्त्व आपल्याला अन्नातूनच घ्यावे लागते. उरलेल्या भागात एके ठिकाणी डीएनएचे एकच अक्षर (ए, टी, जी, सी या चार घटकांपैकी एक) गळाले आहे. चिंपांझी, ओरांगउटान आणि मकाक माकड यांच्यातही नेमक्या त्याच जागी ते नाही. जुन्या पोथ्यांची वंशावळ लावणारे अभ्यासक हेच शोधतात. शुद्ध ओळ दोन पोथ्यांत सारखी असल्याने फारसे ठरत नाही. दोन्हींत एकाच जागी तोच शब्द गळालेला असला, की मूळ प्रत एक असल्याचा संशय बळावतो आणि अशा चुका वाढत गेल्या की खात्री पटते.

मित्र अभ्यास करून आला असेल तर इथे गिनीपिग पुढे करेल. त्याचेही गुलो मोडके आहे आणि काही बदल माणसाशी जुळतात, मग तोही आपला जवळचा नातलग का? हा प्रश्न चांगला आहे, उडवून लावू नका. एक तर गिनीपिगच्या जनुकातले गळालेले तुकडे वेगळे आहेत. दुसरे, ‘जुळणारे बदल’ मोजताना फक्त उंदराचे चालू जनुक प्रमाण धरलेले असते. उंदराच्या स्वतःच्या वंशात जिथे अक्षर बदलले, तिथे माणूस आणि गिनीपिग दोघांत जुनेच अक्षर टिकलेले असते आणि तेच समान बिघाड म्हणून मोजले जाते. जनुक शाबूत असलेले आणखी चार प्राणी शेजारी ठेवले की हा घोळ दिसतो.

नंतर गुणसूत्रांकडे वळा. माणसात 46, चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात 48. पूर्वज एक असेल तर आपल्या वंशात दोन गुणसूत्रे जोडली गेली असणार (गुणसूत्रे जोडीने असतात, म्हणून आकडा दोनने घटतो), आणि हे तपासता येते. गुणसूत्राच्या टोकाशी असणारी टीटीएजीजीजी ही पुन्हापुन्हा येणारी अक्षरमाला आपल्या दुसऱ्या गुणसूत्राच्या आत, समोरासमोर उलट दिशांनी आढळली. ते 1991 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच गुणसूत्रावर दुसऱ्या एका जागी दुसऱ्या सेंट्रोमिअरचे (पेशी दुभंगताना गुणसूत्र जिथे धरले जाते त्या भागाचे) अवशेषही आहेत. मात्र नुसत्या जोडावरून नाते सिद्ध होत नाही. त्या गुणसूत्राचे दोन भाग चिंपांझीच्या दोन स्वतंत्र गुणसूत्रांशी जनुकांच्या क्रमासह जुळतात, जोर त्यावर द्या.

दोन चुका टाळा. मोडके जनुक ‘अगदी निरुपयोगी’ आहे असे म्हणू नका; उद्या त्याचे बारीकसे काम सापडले तरी बिघाडाची जागा तीच राहते, तुमचे विधान मात्र विनाकारण पडते. दुसरे, पहिला जीव कसा निर्माण झाला इकडे चर्चा वळू देऊ नका. तो प्रश्न महत्त्वाचाच, पण वेगळा आहे. त्यापेक्षा मित्राला विचारा, लांडगा आणि कुत्रा यांचे नाते तू मानतोस का, आणि कशावरून? त्याने डीएनए म्हटले, तर तीच कसोटी पुढे का चालत नाही हे त्याने सांगायचे.

प्रश्न : माणूस-चिंपांझी साम्य कोणी 98 टक्क्यांहून जास्त सांगते, कोणी बरेच कमी. खरे काय?

उत्तर : मोजणी वेगळी असते. जुळवता येणाऱ्या भागांतली अक्षरे पाहिली तर फरक सुमारे 1.2 टक्के येतो; गळालेले आणि वाढलेले तुकडे धरले की तो वाढतो. वादात टक्केवारी वापरायचीच तर कशाची मोजणी ते आधी सांगा, आणि गोरिलालाही त्याच मापाने मोजा.