पगार सुरू झाला की मोफत उपचार बंद होतात का?

विक्रोळीच्या एका आईचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगा 24 वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी, यूडीआयडी कार्डावर (सरकारी दिव्यांग ओळखपत्रावर) 55 टक्के दिव्यांगत्व. वडील नाहीत. आई घरोघरी स्वयंपाक करून महिन्याला 8,000 रुपये मिळवते. मुलाला अंधेरीत डेटा एन्ट्रीची नोकरी लागली, पगार 23,500. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता आणि आईच म्हणत होती, "मॅडम, त्याला नको म्हणून सांगा. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, उत्पन्न 50,000 च्या वर गेलं की अपंगांचं सगळं बंद होतं. पायाचं ऑपरेशन पुन्हा निघालं तर मी पैसे कुठून आणू?"

वहिनींचा आकडा खरा आहे, पण तो दुसऱ्याच योजनेचा. 50,000 ही संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांसाठी असलेली वार्षिक कौटुंबिक मर्यादा. ती दरमहाच्या अनुदानापुरती. उपचारांशी तिचा संबंध नाही. शिवाय या घराचं उत्पन्न आजच 96,000 आहे. नोकरी नाकारूनही ते अनुदान मिळालं नसतं.

ऑपरेशनची भीती राज्याच्या मोफत उपचारांच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेपाशी बरीच कमी होते. पूर्वी इथे पिवळं किंवा केशरी रेशन कार्ड लागायचं आणि केशरीची मर्यादा 1 लाख. त्यामुळे "पगार वाढला, कार्ड पांढरं झालं, योजना गेली" ही भीती तेव्हा रास्त होती. 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने पांढरं कार्डही आत आलं आणि संरक्षण कुटुंबामागे वर्षाला 5 लाख झालं. 1 जुलै 2024 पासून ते लागू आहे. आता उत्पन्नावरून कोणी अडवत नाही, अडतं ते नावावरून. मुलाचं नाव रेशन कार्डावर चढवलेलंच नसतं, नाहीतर आधार आणि रेशन कार्डावरचं स्पेलिंग जुळत नाही. ही दुरुस्ती रेशनिंग कार्यालयात आजच करून ठेवावी. रुग्णालयात भरती झाल्यावर धावपळ केली तर दिवस हातचे जातात.

एक सवलत मात्र खरोखर जाणार होती, आणि ते आईला स्पष्ट सांगणं भाग होतं. मुलाची फिजिओथेरपी एका धर्मादाय रुग्णालयात निर्धन रुग्ण म्हणून मोफत चालली होती. त्यासाठी वार्षिक कौटुंबिक उत्पन्न 1,80,000 पर्यंत लागतं. सवलतीच्या दरासाठी 3,60,000 पर्यंत. मुलाचे वर्षाचे 2,82,000 आणि आईचे 96,000, बेरीज 3,78,000. पहिली मर्यादा तर ओलांडली जातेच, दुसरीही अवघ्या 18,000 ने ओलांडली जाते. अशा वेळी "उत्पन्नाच्या दाखल्यात आईचंच उत्पन्न दाखवा" असा सल्ला देणारे भेटतात. तो ऐकू नये. तहसीलदारांचा दाखला कुटुंबाचा असतो आणि खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे.

पण याच नोकरीने ईएसआयचा, म्हणजे पगारातून वर्गणी भरून उपचार देणाऱ्या कर्मचारी राज्य विम्याचा रस्ता उघडतो आणि मुंबईत फार थोड्या कुटुंबांना हे ठाऊक असतं. ईएसआयची महिन्याची पगारमर्यादा 21,000. दिव्यांग कर्मचाऱ्याला मात्र 25,000. म्हणजे 23,500 वाला मुलगा आत बसतो. त्याच्या पगारातून 0.75 टक्के, म्हणजे महिन्याला 177 रुपये कापले जातील, मालक 3.25 टक्के भरेल. मर्यादा मोजताना ओव्हरटाइम धरत नाहीत. आई-वडिलांचं सर्व मार्गांचं उत्पन्न दरमहा 9,000 पर्यंत असेल तर तेही अवलंबित म्हणून येतात. 8,000 कमावणारी ही आई स्वतःसुद्धा त्यात बसते. हे ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही. स्वतःच्या गुडघ्यांवर आजवर तिने कधी खर्चच केला नव्हता.

घोटाळा होतो तो नोंदणीच्या वेळी. एचआर पगार पाहतं, 21,000 च्या वर दिसला की "तुम्हाला ईएसआय लागू नाही" म्हणून मोकळं होतं. म्हणून रुजू होण्याआधीच यूडीआयडीची प्रत द्यावी, दिव्यांग म्हणून नोंद करा असं ईमेलने लेखी कळवावं आणि विमा क्रमांक हातात आल्यावर त्यातली अवलंबितांची नावं तपासावीत. कंपनी ईएसआयखाली आहे का, हेही आधीच विचारावं. पुढे पगार 25,000 च्या वर गेला तरी संरक्षण त्याच दिवशी तुटत नाही. वाढ जुलैत झाली तर वर्गणी सप्टेंबरअखेरपर्यंत चालू राहते आणि तिचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत मिळतो.

नोकरी टिकली नाही तर काय, हा आईचा शेवटचा प्रश्न. त्यासाठी राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना आहे: वर्षाला 1 लाखापर्यंत संरक्षण, उत्पन्नाची अट नाही. ती ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांनाच मिळते. ओपीडी आणि थेरपीचा खर्चही, ठरलेल्या उपमर्यादेत, त्यातून निघतो. आधी पैसे भरून नंतर परतावा घ्यायचा असल्याने मूळ बिलं जपून ठेवावी लागतात. मुदत 31 मार्चला संपते. नूतनीकरण विसरलं की संरक्षण जातं.

सोमवारी होकार गेला, सोबत यूडीआयडीची प्रतही. निरामयचा अर्ज न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत भरायचा बाकी आहे.